आत्याच्या उजव्या बाहीत

एकोणीस वर्षं तिने जावेच्या काखेत काढली होती. ही काही बोलायची रीत नव्हे, अक्षरशः काढली होती.

आत्या ही बाहुली माणसाच्या अर्ध्या उंचीची. स्पंजाचं डोकं, रबराचं नाक, डोळे एका जागी शिवलेले, तरी लक्ष सगळ्यांच्या ताटात. अशी बाहुली एकट्या माणसाला चालवता येत नाही. थोरली जाऊ आपला उजवा हात आत्याच्या डोक्यात घालून तोंड उघडायची-मिटायची, आणि डाव्या हाताने आत्याचा डावा हात चालवायची. उरला आत्याचा उजवा हात, चहा ओतणारा, डबे उघडणारा. तो धाकटीचा. त्यासाठी तिला थोरलीच्या उचललेल्या दंडाखाली शिरून, गाल तिच्या काखेला टेकवून, हातमोजा घातलेला हात बाहीत वर ताणून उभं राहावं लागे. प्रेक्षकांना दिसतं ते लाकडी ओट्याच्या वर. ओट्याच्या खाली पायाशी एक छोटा टीव्ही, त्यात बघत काम करायचं, आणि श्वास तोंडाने घ्यायचा. स्टुडिओत तिला सगळे उजवी म्हणत. लग्नात ठेवलेलं नाव तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवावं लागे.

आत्याची कौटुंबिक विनोदी मालिका घराघरात चालायची. भावाकडे चार दिवसांसाठी आलेली ही बाई एकोणीस वर्षं हललेली नव्हती. ती सुनेचे डबे उघडायची, खोटं बोलायची, भावाचे पत्ते चोरायची, आणि पकडली गेली की समोरच्यालाच फैलावर घ्यायची. माणसं आपल्या नात्यातल्या बायकांना ‘आत्या झालीस अगदी’ म्हणू लागली होती. बाहुली घडवली होती थोरलीच्या नवऱ्याने. तो जाऊन सात वर्षं झाली, आणि तेव्हापासून आत्याला कुणी बोट लावलं तरी थोरली म्हणायची, “ह्यांची खूण आहे ती. हात धुतलेत का?”

मालिकेच्या शेवटी नावं यायची. आत्या : थोरलीचं नाव, ठळक. उजव्या हाताचं नाव कधीच आलं नाही. हात काय, असतोच माणसाला.

उजवीला एक तोंड हवं होतं. जिच्या डोक्यात आपला हात घालून आपल्या आवाजात बोलता येईल अशी एक बाहुली, बस. तिसऱ्या वर्षी थोरलीने कबूल केलं होतं, पुढचं पात्र आलं की तुझं. मग शेजारीण आली, पोस्टमन आला, घरमालक आला, सगळे बाहेरच्यांना गेले. शेवटी मांजर आलं, तेही गेलं.

“जाऊबाई, मांजर तरी द्यायचं होतं,” ती म्हणाली.

“तुझा हात सोन्याचा आहे गं,” थोरली म्हणाली. “तोंड उघडलंस की सगळ्याचा विचका होतो. मी बघते ना एवढी वर्षं.”

त्या वर्षी वाहिनीच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की आत्याला मुलांच्या कार्यक्रमात पाठवायचं. पाच भाग. मुलांच्या कार्यक्रमात एक मोठी काळी पाटी होती, एक प्रश्न विचारणारं कासव होतं, आणि सगळ्याच्या वर एक बाई होत्या. बाईंनी वीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. संहितेवर त्या लाल पेनाने खुणा करायच्या आणि मोठ्या माणसांनाही ‘नीट बसा’ म्हणायच्या.

“आमच्याकडे नियम एकच,” बाई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या. “पाटीवर चुकीचं काही राहत नाही. जो चुकला त्याने ‘चुकलं माझं’ म्हणायचं, पुसायचं आणि बरोबर लिहायचं. कासवसुद्धा म्हणतं.”

“कासव म्हणत असेल,” थोरली म्हणाली. “आत्या नाही म्हणणार.”

“का?”

“म्हणत नाही ती. एकोणीस वर्षांत म्हटलेलं नाही.”

“एकोणीस वर्षं ती मोठ्यांशी बोलत होती.”

“आणि आता गुडघ्याएवढ्या पोरांपुढे नाक घासायचं? लोक तिला बघतात ते ती हार मानत नाही म्हणून. उद्या ती सॉरी म्हणायला लागली तर तिच्यात आणि तुमच्या कासवात फरक काय?”

साहेब मध्ये पडले. “जमवून घ्या हो दोघी,” ते म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले ते आलेच नाहीत. उजवी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून हातमोज्याची शिवण तपासत होती. बैठकीत तिला कुणी काही विचारलं नाही. थोरलीने घरीही कधी ‘चुकलं माझं’ म्हटलेलं नाही, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं.

पहिल्या भागात बेरीज होती. कासवाने मान बाहेर काढून विचारलं, “आत्या, दोन आणि दोन किती?”

“पाच,” आत्या म्हणाली आणि उजवीने पाटीवर पाच लिहिला. संहितेत तसंच होतं. पुढे आत्याने जीभ चावून ‘चुकलं माझं’ म्हणायचं होतं.

“पाचच,” आत्या म्हणाली. “तुमच्याकडे चार होत असतील. आमच्या घरी आल्या-गेल्याचं धरून पाच होतात.”

बाईंनी लाल पेन वर केलं. आता त्या थांबवणार, हे काखेतून उजवीला छोट्या टीव्हीत दिसत नव्हतं, पण शांततेवरून कळलं. आणि तिने काय केलं ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं. आत्याचं तोंड समोर बघून बढाया मारत असताना आत्याचा उजवा हात हळूच तिच्या पाठीमागून सरकला, बाहीने पाच पुसला, चार लिहिला, आणि परत येऊन ओट्यावर शहाण्यासारखा पालथा पडला.

थोरली कसलेली होती. आत्याची मान पाटीकडे वळली, मग हाताकडे, मग कॅमेऱ्याकडे. “हा कुणाचा?” ती म्हणाली. “माझ्याबरोबर आला का हा?”

कॅमेऱ्यामागची माणसं तोंडावर हात दाबून हसली. बाईंनी पेन खाली ठेवलं. “राहू दे हे,” त्या म्हणाल्या. “तोंड खोटं बोलतं आणि हात खरं लिहितो. मुलांना बरोबर कळेल.”

ओट्याखाली मात्र थोरलीचं कोपर उजवीच्या बरगडीत बसलं.

“माझ्या आत्याला येडी ठरवतेस?”

“पाटीवर चुकीचं राहत नाही म्हणे.”

“तू माझा हात आहेस, कळलं? हाताने हातासारखं राहावं.”

“आत्याचा हात आहे मी.”

“तेच ते.”

दुसरा, तिसरा भाग तसाच झाला. आत्या सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणायची, हात बाण खोडून पूर्वेकडे काढायचा. आत्या हाताला चापट मारायची आणि ती चापट थोरली खरीखुरी मारायची. उजवीच्या मनगटावर वळ उठले. मग मुलांची चित्रं यायला लागली. एका चित्रात आत्या अंगठ्याएवढी आणि हात झाडाएवढा होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आत्या खोटारडी आहे. हात माझा मित्र आहे.’

थोरलीने ते मोठ्याने वाचलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर आपला गरम चहाचा कप टेकवला. “शाळेत जातात ना ही पोरं?” ती म्हणाली. “बघा काय अक्षर.”

चौथ्या भागाच्या आदल्या दिवशी बाईंनी उजवीला एकटीला बोलावलं.

“कार्यक्रमाला कायमचं एक पात्र हवंय. हात. नुसता हात, पाटीच्या मागून येणारा. आत्या असो नसो.”

“तोंड नाही?”

“हाताला कुठलं आलंय तोंड?”

“मग बोलणार कसा?”

“बोलायलाच हवा का?”

“हवा,” उजवी म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की बाईंनी चष्मा वर सरकवला.

“बरं. मग ऐकवा आवाज.”

उजवीने हातमोजा चढवला, हात वर केला, घसा साफ केला आणि म्हणाली, “मुलांनो, या, आपण आकडे लिहू या.” बाहेर पडली ती आत्या. तोच नाकातला सूर, तोच शेवटच्या शब्दाला दिलेला हिसका. तिने परत केलं. परत आत्या. मऊ बोलून पाहिलं तर सर्दी झालेली आत्या निघाली. एकोणीस वर्षं त्या आवाजाला कान लावून तिने हात हलवला होता. आवाज काढायचा म्हणजे तो एकच रस्ता तिच्या घशाला माहीत होता.

“ही आमच्याकडे आहे हो,” बाई म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

दारात थोरली उभी होती. कधीपासून कोण जाणे. “माझंच उष्टं परत मलाच वाढतेस होय?” ती म्हणाली. “बाई, मी सांगते तुम्हाला, हिला मुकीच ठेवा. शोभते.”

दुसऱ्या दिवशी उजवीने आत्याची पेटी उघडली आणि नेहमीप्रमाणे बाहीत हात घालायला गेली. हात आत जाईना. बाहीत कोपरापर्यंत कापूस ठासलेला होता, आणि आत्याचा पंजा तिच्याच कमरेवर शिवून टाकलेला होता. हातवाला नसला तर असं करतात. तीही कधी आजारी पडली असती तर असंच केलं असतं, पण ती कधी आजारी पडली नव्हती. टाके बारीक, तिरके, दुहेरी होते. असे टाके या गावात एकच माणूस घालायचा, आणि तो तिच्या शेजारी झोपायचा.

तो स्टुडिओच्या मागच्या खोलीत कासवाची पाठ चिकटवत होता.

“तू शिवलंस?”

“वहिनी म्हणाली, तुझा खांदा धरलाय.”

“मी म्हटलं होतं माझा खांदा धरलाय?”

“नाही.”

“मग?”

“वहिनी म्हणाली ना,” तो म्हणाला आणि ब्रशवरचा गोंद निथळवू लागला. “आता वहिनीला काय विचारत बसायचं, की खरं बोलतेस का म्हणून?”

“मला विचारायचंस. मी काय परगावी होते? ताटाला ताट लावून जेवलो आपण काल.”

“विषय नाही निघाला,” नवरा म्हणाला.

ओट्यापाशी थोरली आत्याच्या डोक्यात हात घालून तयारच होती. “बस तू आज,” ती म्हणाली. “त्या तिथे स्टूल आहे. आराम कर. आवाज काढायचा सराव कर.”

उजवी स्टुलावर बसली. तिच्या पिशवीत दोन जादा हातमोजे असायचे, खडूने खराब होतात म्हणून. पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

धडा होता तीन फुलांचा. आत्याने फुलं मोजायची आणि पाटीवर आकडा लिहायचा. उजवा हात कमरेवर, म्हणून थोरली डाव्या हाताने लिहिणार होती. त्यात काय मोठंसं, असं तिला वाटलं असणार. पण पाटीचं तोंड कॅमेऱ्याकडे, आणि लिहिणारी पाटीच्या मागे. पुढच्याला जे उजवीकडे दिसायला हवं ते मागून डावीकडे न्यावं लागतं. डोळे पायाशी टीव्हीत, हात डोक्यावर, आणि मन म्हणेल त्याच्या उलट बोटं चालवायची. उजवीला हे जमायला मालिकेत सहा वर्षं लागली होती. थोरलीने आत्याच्या हाताने आयुष्यात एक रेघ ओढलेली नव्हती.

“एक, दोन, तीन,” आत्या म्हणाली आणि झोकात तीन काढला. पाटीवर सहा उमटला. चांगला गोल, ठसठशीत सहा.

कासवाने मान लांब केली. “आत्या, हा तर सहा आहे.”

“डोळे तपासून घे,” आत्या म्हणाली.

“सहाच आहे.”

“तू कासव आहेस. तुला कळायला अजून शंभर वर्षं आहेत.”

“‘चुकलं माझं’चं वाक्य घ्या,” अंधारातून बाईंचा आवाज आला. “वाक्य घ्या, नाहीतर थांबवते मी.”

थोरलीने वाक्य घेतलं नाही. आत्याची मान ताठ, हात कमरेवर. ओट्याखाली थोरलीचे पाय फाकून रोवलेले उजवीला स्टुलावरून दिसत होते, आणि त्या पायांवरून ती समजली की ही मेली तरी म्हणणार नाही. भाग गेला तरी चालेल, कार्यक्रम गेला तरी चालेल. कॅमेरा चालूच होता.

उजवीने हातमोजा चढवला. गुडघ्यांवर रांगत ती पाटीच्या मागे गेली आणि हात वर घातला. सहा पुसला. तीन काढला.

आत्या गर्रकन वळली. “कोण गं तू? तुला कुणी बोलावलं?”

“बोलावलं नाही,” हात म्हणाला. “शिवून ठेवलं होतं. म्हणून दुसरीकडून आले.”

हा आवाज आत्याचा नव्हता. जरा जाड, कोरडा, सावकाश, भांड्याला लागलेलं करपलेलं खरवडावं तसा. घरात ओट्यापाशी एकटी असताना ती याच आवाजात थोरलीला उत्तरं द्यायची. पुटपुटायची फक्त. भांडणारा आवाज हा एकटाच तिचा स्वतःचा होता, आणि तो तिने आजवर माणसांसमोर काढलाच नव्हता.

“तू चहा ओतणारी ना?” आत्या म्हणाली. “चहा ओतणारे पैशाला पासरी मिळतात.”

“मग आणायचे की एक पासरी. आज कमरेवर हात शिवून का आलात?”

“ती माझी ऐट आहे!”

“ऐटीत तिनाचे सहा झाले.”

“झाले तर झाले! वाढलेच ना? घरात बरकत आली. आणि तुला कुणी विचारलंय? या घरात तोंड कुणाचं चालतं?”

“तोंडच चालतं,” हात म्हणाला. “बाकी सगळं मी करते.”

“करतेस ते मी सांगते म्हणून. मी नसले तर तू एक रिकामा मोजा!”

“आणि मी नसले तर तुम्ही काय, ते पाटीवर लिहिलं होतं तुम्ही. पुसलंय मी. आत्ताच पुसलंय.”

आत्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कॅमेरामनने नंतर सांगितलं, की त्याने घड्याळ बघितलं होतं. तेवढा वेळ आत्या कधी गप्प राहिलेली त्याच्या माहितीत नव्हती.

कासव बिचारं दोघींकडे बघत होतं. “मग चुकलं कुणाचं?” त्याने विचारलं.

“फुलांचं,” आत्या म्हणाली. “मेली एका जागी उभी राहत नाहीत.”

आणि कॅमेऱ्यामागे जो हशा पिकला त्यात बाईही होत्या. कसबी होती थोरली, ते नाकारून चालणार नाही. उजवीलाही हसू आलं, आणि आलं याचा तिला राग आला.

“चुकलं कुणीच म्हटलं नाही,” दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या. “माझ्या तत्त्वात बसत नाही हे.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “तुमचा तो आवाज. तो उद्याही निघेल का?”

“भांडायला कुणी असेल तर निघेल,” उजवी म्हणाली.

“त्याची तुम्हाला टंचाई दिसत नाही.”

कपडे बदलायच्या खोलीत थोरली आरशासमोर दंड चोळत बसली होती. “घरची धुणी पाटीवर धुतलीस,” ती आरशात बघतच म्हणाली.

“शिवताना घर आठवलं नाही तुम्हाला?”

“ते ह्यांचं काम आहे. ह्यांच्या भावाने टाका घातला. तुला परक्याच्या पोरीला काय त्याचं?” आणि मग, अंगावरची धूळ झटकावी तसं, “आवाज बरा आहे. माणूस हलकट आहे.”

“एकोणीस वर्षं शिकवणी तुमचीच,” उजवी म्हणाली. तोंडावर म्हणाली. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, पुटपुटायची गरज नव्हती, आणि हात तर रिकामाच होता.

हात कायम झाला. आठवड्यातून दोनदा, आत्याही दोनदा, कारण साहेबांनी तो भाग पाहिला आणि दोघींच्या करारावर एकाच दिवशी सह्या घेतल्या. थोरलीने एकच अट घातली, आत्याची बाही उसवायची नाही. उजवी म्हणाली, नका उसवू.

मालिकेत आता आत्याला उजवा हात नव्हता, आणि उजवीला वाटलं होतं की मालिका लंगडेल. चहा कोण ओतणार, डबे कोण उघडणार, पत्ते कोण चोरणार? पहिल्या भागाला ती मुद्दाम टीव्हीसमोर बसली. आत्या कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चहा आणा.” सुनेने चहा आणला. आत्याने उजवीकडे ढुंकूनही न बघता डाव्या हाताने कप घेतला. एवढंच. लोक म्हणाले, आत्या आणखी खमकी झाली हो अलीकडे. कुणी हाताची चौकशी केली नाही. उजवीने टीव्ही बंद केला आणि बराच वेळ रिमोट पुसत बसली.

नवरा दोन दिवस अवतीभवती घुटमळला. “तुझ्या हाताला छोटंसं तोंड शिवून देऊ?” त्याने शेवटी विचारलं. “तळव्यात. उघडेल-मिटेल. तुला हवं होतं ना?”

“तू वहिनीची शिवणं कर,” ती म्हणाली.

“किती धरून ठेवशील?”

“तोंडावाचून बोलतेय मी. लोकांना ऐकू जातंय. तुलाच जात नाहीये.”

वर्षाच्या शेवटच्या भागात बाईंना समेट हवा होता. मुलांना भांडण मिटलेलंही दाखवायला हवं, त्या म्हणाल्या, नाहीतर आपण शिकवलं काय? संहितेत लिहिलं होतं : आत्या आणि हात हस्तांदोलन करतात. शेवटी नावं येणार होती, आणि ‘हात’ पुढे पहिल्यांदा तिचं नाव, पुरतं, बापाच्या आणि नवऱ्याच्या घरचं, ठळक. तिने स्वतः कार्यालयात जाऊन शुद्धलेखन तपासलं होतं.

आत्याचा उजवा कमरेवर, म्हणून थोरलीने डावा पुढे केला.

“डावा देतात का कुणी?” हात म्हणाला. हे संहितेत नव्हतं.

“दुसरा देण्यासारखा उरला नाही,” आत्या म्हणाली. हेही नव्हतं.

“घ्या गं घ्या,” बाई अंधारातून म्हणाल्या.

उजवीने हात धरला. दोन पातळ हातमोज्यांतून तिला थोरलीची बोटं लागली, अंगठी लागली. थोरलीने दाबलं. अंगठी करंगळीच्या हाडावर रुतली. उजवीने बोटं आवळली आणि तिच्याहून जोरात दाबलं. वर, दिव्यांच्या उजेडात, आत्या आणि हात प्रेमाने हस्तांदोलन करत होते. खाली दोघी समोरासमोर गुडघ्यांवर होत्या, दातांवर दात, डोळे टीव्हीत, आणि थोरलीच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या टोकाशी थांबला होता.

“छान,” बाई म्हणाल्या. “नावं सरकेपर्यंत धरून ठेवा.”

दोघींनी धरून ठेवलं.